मेगाब्लॉकच्या रविवारची लोकल : बदलापूर ते परळ या प्रवासाचे परीक्षण

परळच्या एका रुग्णालयात मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून काम करते आणि राहते बदलापूरला. रुग्णालयाला रविवार नसतो, त्यामुळे महिन्यातले दोन रविवार तरी दुपारच्या पाळीसाठी मला घर सोडावे लागते आणि ते नेमके मेगाब्लॉकच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास एखादा मार्ग बंद ठेवण्याच्या, वेळेत. रोजच्या लोकलबद्दल पुष्कळ लिहिले जाते. ब्लॉकच्या दिवशी धावणारी लोकल मात्र मला एक वेगळीच सेवा वाटत आली आहे, कारण त्या दिवशी गाड्यांची संख्या, त्यांचा मार्ग, थांबे आणि डब्यात चढणारी माणसेही बदललेली असतात. हे परीक्षण मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील त्या चार-पाच तासांच्या सेवेचे, म्हणजे साधारण सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेचे आहे, आणि नियमित प्रवासी ती कशी निभावून नेतात याचेही.

ब्लॉक हवाच कशाला, असे डब्यात दर रविवारी कोणीतरी विचारते. मध्य रेल्वे आपल्या सर्व उपनगरी मार्गांवर मिळून दिवसाला सुमारे १,८०० फेऱ्या चालवते. शेवटची लोकल मध्यरात्रीनंतर जाते, पहिली पहाटे चारच्या सुमारास निघते आणि मधल्या तीन-चार तासांतही लांब पल्ल्याच्या गाड्या व मालगाड्या येत-जात असतातच. रुळांखालची खडी भरून दाबणे, झिजलेला रूळ बदलणे, सांधे आणि पॉइंट तपासणे, सिग्नलच्या तारा पाहणे ही कामे एवढ्या वेळात उरकत नाहीत, आणि २५,००० व्होल्टची ओव्हरहेड वायर तर वीज बंद केल्याशिवाय हातात घेताच येत नाही. खिडकीशी बसले की दुपारच्या उन्हात केशरी जॅकेट घालून रुळांवर वाकलेली माणसे दिसतात. आमची सोमवारची सकाळ त्यांच्या त्या कामावर उभी असते. म्हणून ब्लॉकला माझा विरोध नाही. ब्लॉक घेतल्यावर उरलेली सेवा प्रवाशाच्या हाती कशी येते, एवढाच माझा प्रश्न आहे.

मुख्य मार्गावर ब्लॉकचे रविवार दोन प्रकारचे असतात आणि हा फरक ज्याला कळला त्याचा अर्धा त्रास वाचतो. जलद मार्गावर, म्हणजे मोजक्याच स्थानकांवर थांबणाऱ्या गाड्यांच्या रुळांवर, काम असेल तर माटुंगा ते मुलुंड किंवा ठाणे या पट्ट्यात जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवल्या जातात आणि मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर, कुर्ला, शीव अशा थांब्यांवर थांबत जातात. धीम्या मार्गावर काम असेल तर उलट होते. धीम्या गाड्या जलद मार्गावरून जातात आणि त्या मार्गाला फलाट नसलेली नाहूर, कांजूरमार्ग, विद्याविहार ही स्थानके त्या वेळेपुरती गाडीविना राहतात. ठाणे ते कल्याण पट्ट्यात धीम्या मार्गाचा ब्लॉक असेल तेव्हा हीच पाळी कळवा, मुंब्रा, कोपर आणि ठाकुर्लीवर येते. तेथील प्रवाशांनी शेजारच्या मोठ्या स्थानकावर जाऊन उलट दिशेने यावे, अशी मुभा रेल्वे देते. हार्बर मार्गावर कुर्ला ते वाशी बंद असेल तेव्हा ठाण्यामार्गे जाऊ दिले जाते, तशीच ही व्यवस्था. कागदावर ती पुरेशी वाटते. हातात पिशवी आणि कडेवर मूल असलेल्या बाईला मात्र ती दोन जिने, एक पूल आणि दोन गर्दीच्या गाड्या एवढ्या किमतीला पडते.

रेल्वेच्या पत्रकात ठरावीक वाक्य असते, की गाड्या नियोजित वेळेपेक्षा सुमारे १५ मिनिटे उशिराने पोहोचतील. हे वाक्य गाडीच्या बाजूने लिहिलेले आहे. फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा फारसा उपयोग नाही, कारण त्याच्या दृष्टीने उशीर म्हणजे दोन गाड्यांमधले अंतर. वीस-वीस मिनिटांनी येणाऱ्या गाड्यांपैकी मधली एक रद्द झाली तर प्रतीक्षा चाळीस मिनिटांची होते आणि दोन गाड्यांची माणसे एकाच गाडीत चढतात. ती गाडी पंधराच मिनिटे उशिरा पोहोचली तरी तिच्यातल्या प्रवासाचे रूप पूर्ण पालटलेले असते. गाड्यांना उशीर होण्याचे कारण मला पटते, कारण एकाच मार्गावर जलद आणि धीम्या गाड्या एकामागे एक लागल्यावर कोणालाच कोणाला ओलांडता येत नाही. पण रद्द होणाऱ्या गाड्यांची वेळेनुसार यादी, प्रत्येक स्थानकापुरती का होईना, आदल्या संध्याकाळी मिळाली तर लोक आपापले बेत त्याप्रमाणे आखतील. या सेवेतला सर्वांत मोठा उणेपणा मला इथे दिसतो, आणि तो भरून काढायला नवा रूळ टाकावा लागत नाही.

ब्लॉकचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही, हेही नोंदवले पाहिजे. मुलुंडच्या माणसाची एक गाडी गेली तर दुसरी लवकर येते. कल्याणच्या पुढे मार्ग फुटतो, एक कर्जतकडे आणि एक कसाऱ्याकडे, आणि या दोन्ही दिशांना गाड्यांसाठी मोजकेच रूळ आहेत. बदलापूरपर्यंतचा तिसरा-चौथा मार्ग आणि कसाऱ्याकडचा तिसरा मार्ग यांची कामे बरीच वर्षे चालू आहेत. तोवर लोकल, एक्स्प्रेस आणि मालगाड्या त्याच दोन रुळांवरून जातात. कसारा मुंबईपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे आणि कर्जत सुमारे १०० किलोमीटरवर. घरे परवडतात म्हणून माणसे तिकडे राहायला गेली, पण गाड्या त्या प्रमाणात गेल्या नाहीत. ब्लॉक मुलुंडला असला तरी त्याचा धक्का वांगणी, नेरळ, खर्डी अशा स्थानकांना बसतो, कारण तिकडे येणारी गाडी ब्लॉकच्या पट्ट्यातूनच यायची असते.

आता प्रवासी हे कसे निभावतात ते सांगते, कारण ही सेवा चालते तिचे निम्मे श्रेय मी त्यांना देईन.

नेहमीची माणसे शनिवारी संध्याकाळी पत्रक पाहतात तेव्हा वेळ नंतर वाचतात. आधी ब्लॉक कोणत्या मार्गावर आहे आणि कुठून कुठपर्यंत आहे ते पाहतात. त्यावरून गाडी ठरते. जलद मार्गाचा ब्लॉक असेल तर त्या पट्ट्यात ‘फास्ट’ या शब्दाला अर्थ उरत नाही, हे मला एका वयस्कर सहप्रवासी काकूंनी शिकवले. कर्जतहून आलेली, खचाखच भरलेली फास्ट आणि ठाण्याहून सुटणारी स्लो या दोन्ही मुलुंडपासून माटुंग्यापर्यंत एकाच रुळावरून, एकमेकींच्या मागे जाणार असतात. स्लो फार तर तीन थांबे जास्त घेते. म्हणून त्या काकू ठाण्याला उतरत, तिथून सुटणारी स्लो पकडत आणि बसून जात. परळला फास्ट थांबत नाही, त्यामुळे मला तर त्याचा दुहेरी लाभ होतो, आणि दादरचा पूल ओलांडून गाडी बदलण्याची वेळ येत नाही. गेली काही वर्षे मी ब्लॉकच्या रविवारी असाच प्रवास करते. तीस-पस्तीस मिनिटे लवकर निघून बदलापूरहूनच सुटणारी गाडी गाठायची, ठाण्याला बदलायचे आणि परळला उतरायचे. घड्याळात फार तर दहा मिनिटे जास्त जातात, पण पाळीवर पोहोचते तेव्हा पायांत उभे राहण्याचे बळ शिल्लक असते.

अंबरनाथ-उल्हासनगरची काही माणसे बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलट दिशेने बदलापूरला येतात आणि त्याच गाडीतून परत मुंबईकडे जातात. यावरून गाडीत वाद होतात, कारण बदलापूरच्या लोकांना आपली गाडी आधीच भरलेली मिळते. दोन तास उभे राहण्याच्या भीतीने कोणी असे करत असेल तर मी त्याला दोष देणार नाही. त्याने पास मात्र बदलापूरपर्यंतचा काढलेला असावा, एवढीच अपेक्षा.

डब्यातली जागावाटपाची रीत बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल, पण ब्लॉकच्या दिवशी तीच शिस्त राखते. उभी बाई बसलेल्या बाईला विचारते, “ताई, कुठे उतरणार?” उत्तर येते, “ठाणे.” “मग मला सांगा हं.” इतके बोलणे झाले की ती जागा ठरली; मध्ये कितीही जणी चढल्या तरी हा शब्द सहसा मोडला जात नाही. तिघींच्या बाकावर चौथीला जागा द्यायची, घाटकोपर गेल्यावर आपण उठून दुसरीला बसवायचे, हेही ठरलेलेच. रविवारी डब्यात निम्म्या जणी सणा-समारंभाला, रुग्णाला भेटायला किंवा परीक्षेला निघालेल्या असतात आणि त्यांना यातले काही ठाऊक नसते. त्या दाराशी उभ्या राहतात, कारण उतरता येणार नाही अशी त्यांना भीती वाटते. मग नेहमीच्या बायका त्यांना हाताला धरून आत घेतात: “आत या, ठाण्यापर्यंत कोणी उतरत नाही, तुम्हाला दादरला आम्ही सांगू.” मी हे इतक्या वेळा पाहिले आहे, की या सेवेत प्रवाशाला मिळणारी सर्वांत भरवशाची माहिती हीच, असे मला मनापासून वाटते.

फलाटाच्या बाजूचा मुद्दा पत्रकात कधी येत नाही, म्हणून तो येथे मुद्दाम लिहिते. गाडी जलद मार्गावरून धीम्या मार्गावर गेली की काही स्थानकांवर फलाट येण्याची बाजूही बदलते. रोज डावीकडून उतरणारा माणूस सवयीने डाव्या दाराशी जाऊन उभा राहतो आणि फलाट उजवीकडे येतो. गर्दीच्या डब्यात हे अंतर पार करणे अशक्य असते आणि माणूस पुढच्या स्थानकावर जातो, नाहीतर धक्काबुक्की होते. जाणकार प्रवासी एक स्थानक आधीच बाजू ओरडून सांगतात. नव्या गाड्यांतल्या उद्घोषणेत पुढच्या स्थानकाचे नाव येते; वळवलेल्या गाडीत बाजूही सांगितली गेली तर पुष्कळ धांदल टळेल. फलाटावरच्या इंडिकेटरचेही असेच आहे. त्यावर कर्जतसाठी ‘एस’ आणि कसाऱ्यासाठी ‘एन’ ही अक्षरे असतात. नवख्या माणसाला ‘एस’ म्हणजे स्लो वाटते आणि रोज जाणाऱ्याला हा घोटाळा होऊ शकतो याची कल्पनाही नसते.

ब्लॉकच्या दिवशी दिव्यांगांच्या डब्याची जी स्थिती होते त्याबद्दल मला जास्त कळकळीने लिहायचे आहे. परळच्या रुग्णालयांत उपचार घेणारे कर्करोगाचे रुग्ण आणि गर्भवती स्त्रिया यांनाही त्या डब्यातून जाण्याची परवानगी आहे. सोमवारी सकाळी तपासणी असलेले रुग्ण कित्येकदा रविवारीच मुंबईकडे निघतात. औषधांनी अशक्त झालेला माणूस त्या डब्यात चढतो आणि आत धडधाकट माणसे दाराशी रेटून उभी असतात, कारण त्यांची आधीची गाडी रद्द झालेली असते. त्यांची अडचण खरी आहे, तरीही ती जागा त्यांची नाही. लगेजच्या डब्याबद्दलही हेच म्हणता येईल. मासळीची टोपली किंवा भाजीची पाटी घेऊन निघालेल्या बाईला दुसरा डबा नसतो.

गर्दीचे मोजमाप रेल्वेच्या भाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असे आहे, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी. हा आकडा वाचताना फक्त आकडा वाटतो. डब्यात तो छाती फुगवून श्वास घेता न येणे असा जाणवतो. ९ जून २०२५ रोजी, सोमवारी सकाळी, दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान परस्परविरुद्ध दिशेने जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले आणि त्यांच्यापैकी काहींचा जीव गेला. तो ब्लॉकचा दिवस नव्हता, पण दारात लटकावे लागण्याइतकी माणसे एका गाडीत येणे ही स्थिती ब्लॉकच्या रविवारी भर दुपारी निर्माण होते. लटकणाऱ्यांना बेपर्वा म्हणणे सोपे आहे; त्यांच्यातल्या अनेकांना आत जायला जागाच नसते. तरी मी कोणालाही हेच सांगेन, की ती गाडी सोडा. रविवारचा खाडा लागला तरी चालेल. आमच्या रुग्णालयात गाडीतून पडलेल्या प्रवाशांचे नमुने तपासायला येतात, तेव्हा अर्ध्या तासाचा उशीर ही किती लहान गोष्ट आहे ते समजते.

पुलांचेही भान ठेवले पाहिजे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजच्या प्रभादेवी स्थानकाच्या पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. हे स्थानक परळला लागूनच आहे आणि तो जिना आठवला की आजही माझे पाऊल सावध पडते. गाडी रद्द झाली किंवा फलाट ऐनवेळी बदलला की सगळी गर्दी एकदम जिन्याकडे धावते. अशा वेळी दोन मिनिटे कठड्याला धरून बाजूला उभे राहणे हाच शहाणपणा. फलाट बदलाची घोषणा गाडी दिसायच्या पुरेशी आधी व्हावी, हा माझा आग्रह यातूनच आला आहे.

पूर्वसूचना नीट दिली तर काय होऊ शकते याचे उदाहरणही आपल्यासमोर आहे. ३१ मे ते २ जून २०२४ या काळात ठाण्याच्या फलाट क्रमांक ५ च्या रुंदीकरणासाठी ६३ तासांचा आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या फलाट क्रमांक १० व ११ ची लांबी वाढवण्यासाठी ३६ तासांचा ब्लॉक घेण्यात आला. त्यात ९३० लोकल फेऱ्या रद्द झाल्या. रेल्वेने आस्थापनांना घरून काम करू देण्याचे आवाहन केले आणि ज्यांना शक्य होते त्यांनी ते पाळले. आमच्यासारख्यांना ते शक्य नव्हते. आमच्या विभागात पाळ्या जोडून घेतल्या गेल्या, लांबून येणाऱ्यांनी सहकाऱ्यांच्या घरी मुक्काम केला आणि रुग्णसेवेत खंड पडला नाही. तीन दिवस कठीण गेले, पण ठाण्याच्या त्या फलाटावर आज जास्त माणसे उभी राहू शकतात, हे मी दर आठवड्याला पाहते. किती फेऱ्या रद्द होणार हा आकडा तेव्हा आधीच लोकांपुढे ठेवला गेला होता. दर रविवारी तेवढ्या तपशिलाची गरज नाही, पण त्या मोकळेपणाची आहे.

वातानुकूलित लोकलबद्दल थोडक्यात लिहिते. ५ मे २०२२ पासून तिचे एकेरी तिकीट निम्म्यापर्यंत कमी झाले आणि बंद दारांमुळे ती निश्चितच सुरक्षित आहे. पण साध्या गाडीच्या जागी ती आणली की उरलेल्यांसाठी एक फेरी कमी होते. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूरच्या प्रवाशांनी याचसाठी विरोध केला आणि त्यानंतर मध्य रेल्वेने दहा वातानुकूलित फेऱ्या मागे घेतल्या. ही गाडी वाढीव फेरी म्हणून आली तर मी तिचे स्वागत करेन. मोबाइलवरील ॲपचा उपयोग तिकिटाच्या रांगेतून सुटण्यासाठी होतो. ब्लॉकच्या दिवशी मात्र “गाडीने आत्ता अंबरनाथ सोडले” हा प्रवाशांच्या मोबाइलवरील गटात आलेला सहप्रवाशाचा निरोप जास्त कामाचा ठरतो.

एकूण निवाडा द्यायचा तर ब्लॉकची गरज आणि काम करणाऱ्यांची मेहनत यांना मी पूर्ण गुण देते, पर्यायी मार्गाने जाऊ देण्याच्या मुभेला चांगले म्हणते, माहिती देण्याच्या पद्धतीला निम्म्याहून कमी आणि कल्याणपुढच्या प्रवाशांच्या वाट्याला येणाऱ्या सेवेला फारच थोडे. या उरलेल्या दोन्ही गोष्टी सुधारता येतील. एकीला कागद आणि भोंगा पुरे, दुसरीला चालू असलेली मार्गिकांची कामे पुरी होणे आवश्यक आहे.

रविवारी ज्यांना जावेच लागते त्यांच्यासाठी माझ्या अनुभवातले एवढे. परीक्षा असेल तर ब्लॉक सुरू होण्याआधी ठाणे ओलांडता येईल अशा बेताने निघावे. मोठ्या परीक्षा किंवा सण असल्यास ब्लॉक रद्द केल्याचीही उदाहरणे आहेत, म्हणून पत्रक शनिवारी रात्री पुन्हा पाहावे. अकरानंतर निघणार असाल आणि काम जलद मार्गावर असेल तर ठाण्याला उतरून तिथून सुटणारी स्लो घ्यावी. अंधेरीकडे जायचे असेल तर घाटकोपरला उतरून मेट्रो धरावी, दादरपर्यंत जाऊन उलट येऊ नये. बरोबर वृद्ध माणूस असेल तर त्याला दाराशी उभे न करता मधल्या वाटेत न्यावे आणि कोणत्या स्थानकावर उतरायचे ते शेजारच्या बाईला आधीच सांगून ठेवावे. आणि परतीला ब्लॉक चारला संपला असे समजून निर्धास्त राहू नये. गाड्या वेळेवर यायला संध्याकाळचे सहा वाजतात, आणि कल्याणच्या पुढे जायचे असेल तर निघतानाच पुढच्या दोन गाड्यांच्या वेळा लिहून घ्याव्यात, कारण पहिली चुकली तर दुसरीसाठी बराच वेळ फलाटावर काढावा लागतो.